ओल्या अँटेनाचे गणित

मोबाइल मनोऱ्यांमधील सूक्ष्मलहरींचा सिग्नल पावसात किती क्षीण होतो यावरून पाऊस मोजता येतो, हे आपल्या लेखात नेमके मांडले आहे. परंतु त्या आकड्यांवर प्रक्रिया करणाऱ्या मुक्तस्रोत (म्हणजे संहिता सर्वांना खुली असलेल्या) संगणक प्रणालींचा उल्लेख एका ओळीत आटोपला, याची रुखरुख वाटली. नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या ‘रेनलिंक’चेच उदाहरण घ्या. दोन मनोऱ्यांमधील एखाद्या जोडणीचा सिग्नल घसरला तरी ती प्रणाली त्याला लगेच पाऊस मानत नाही. आसपासच्या जोडण्यांचेही सिग्नल त्याच वेळी घसरले आहेत का, हे ती आधी पाहते. शिवाय अँटेनाच्या आवरणावर साचलेल्या पाण्यामुळे होणारी घट वजा केली नाही, तर पाऊस वाजवीपेक्षा जास्त दिसतो. या दुरुस्तीसाठी तिथे २.३ डेसिबल (सिग्नलमधील घट मोजण्याचे एकक) हे मूल्य धरले आहे, आणि ते डच आकडेवारीवरून ठरलेले आहे. श्रीलंकेतील पावसासाठी हीच प्रणाली वापरली गेली, त्याचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधातील थेंबांचे आकारमान वेगळे असल्याने अशी मूल्ये तपासून बदलता आलीच पाहिजेत, आणि संगणकीय संहिता खुली असल्याखेरीज ते कोणत्याही अभ्यासकाला शक्य होणार नाही. मोबाइल कंपन्यांकडील मूळ नोंदी मात्र अजूनही सहजासहजी मिळत नाहीत. त्यावर आपण स्वतंत्र लेख लिहावा, ही मनापासून विनंती.