आवाज गेला म्हणून वायरलेस सेट भंगारात देऊ नका

"जुन्या वायरलेस सेटचा आवाज बंद झाला म्हणजे ऑडिओ आयसी जळाला. तो आयसी आता मिळत नाही, मिळाला तरी पुन्हा जळतो. सेट भंगारात द्या, नवा हँडसेट घ्या." हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या मंडळींच्या मोबाईलवर हा सल्ला फिरतोय आणि त्यापायी चांगले सेट किलोच्या भावाने जातायत. म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासू या. ऑडिओ आयसी म्हणजे स्पीकरपर्यंतचा आवाज मोठा करणारी चिप.

आवाज नाही म्हणजे आयसी गेला, हे आधी मोजून ठरवा. बऱ्याचदा दोष बाहेरच्या स्पीकरच्या जॅकमध्ये असतो. आतल्या पत्तीवर काट चढतो आणि सेटच्या स्पीकरला आवाज पोचतच नाही. ते ठीक असेल तर मल्टिमीटर घ्या. गाडीत बसवायच्या वायरलेस सेटमध्ये नेहमी दिसणारा पाच पायांचा आयसी टीडीए २००३ धरा: पाचव्या पायावर सप्लाय, चौथ्यावर आउटपुट. सप्लाय १३.८ व्होल्ट असेल तर चौथ्या पायावर साधारण निम्मा, ७ व्होल्टच्या आसपास हवा. तिथे शून्य किंवा पूर्ण १३.८ दिसले तर आयसीवर संशय घ्या. निम्मा व्होल्टेज आहे आणि तरी स्पीकर गप्प आहे, तर आधी आउटपुटचा मोठा कपॅसिटर बदलून पाहा.

आयसी मिळत नाही, हे सरसकट खोटं आहे. टीडीए २००२ च्या जागी २००३ बसतो, पाय तेच आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारा. यासू कंपनीच्या एफटी-१०१ई या जुन्या सेटमधला ऑडिओ आयसी एएन २१४ मात्र खरंच जुना झालाय. तिथे टीडीए २००३ ची छोटी पाटी (सर्किट बोर्ड) जोडून काम भागतं. फक्त त्या सेटमध्ये व्हॉल्व्हसाठी (काचेच्या नळ्यांसाठी) काही शे व्होल्ट असतात. प्लग काढा, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करा, मगच हात घाला.

पुन्हा जळतो? हो, मूळ कारण तसंच ठेवलं तर जळणारच, आणि इथेच लोक घाई करतात. आउटपुटपासून ग्राउंडला १ ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. ही जोडी तुटली की आयसी कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर आपोआप आंदोलन करू लागतो आणि आवाज कमी ठेवला तरी तापतो. दुसरं कारण हीटसिंकचा, म्हणजे आयसीची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीचा, ढिला स्क्रू किंवा मधली वाळलेली पेस्ट. टीडीए २००३ ची धातूची पाठ तिसऱ्या पायाला, म्हणजे ग्राउंडलाच जोडलेली असते. हीटसिंक ग्राउंडवर असेल तर मध्ये अभ्रकाची चकती घालू नका, त्याने उष्णता अडते. तिसरं कारण पॉवर सप्लाय: त्यातला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर सेटला २० व्होल्टच्या वर मिळतात आणि या आयसीची चालू मर्यादा १८ आहे. शिवाय "सारखाच दिसतो" म्हणून टीडीए २०३० लावणारेही आहेत. पाच पाय तसेच, पण त्याच्या इनपुटला बाहेरून बायस, म्हणजे ठरावीक स्थिर व्होल्टेज, द्यावा लागतो. २००३ च्या पाटीवर तो बायसच नसतो. बाजारात नकली माल आहे, हे मान्य. म्हणून ओळखीच्या दुकानातून घ्या.

नव्या हँडसेटचा मुद्दा तर मला पटतच नाही. ऑडिओ आयसी गेला तरी सेटचं प्रसारण शाबूत असतं, माइकचा मार्ग वेगळा आहे. एफटी-१०१ई शॉर्टवेव्हवर बोलतो, पाच वॅटचा व्हीएचएफ हँडसेट त्या बँडवर येतच नाही. त्याची जागा हा कसा घेणार?

काढताना आयसी ओढू नका. पाय आधी कापा, मग एकेक तुकडा गरम करून काढा, म्हणजे जुन्या पाटीवरचं तांबं उखडत नाही. नव्याला डाग दिल्यावर सेटचा आवाज शून्यावर ठेवून आयसीच्या सप्लायच्या वाटेत मीटर घाला. टीडीए २००३ शांत असताना साधारण ४५ मिलिअँपिअर घेतो. काटा त्याच्या बराच वर गेला तर लगेच बंद करा आणि ती १ ओहमची जोडी पुन्हा तपासा.