माइक ली यांची मते आणि आपल्या खासदारांचा पक्षादेश

युटा राज्याचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांच्याविषयी मराठी वर्तमानपत्रांत क्वचितच काही छापून येते, आणि आलेच तर 'ट्रम्प यांचे कट्टर समर्थक' एवढ्या ओळखीवर त्यांची बोळवण होते. सॉल्ट लेकच्या खोऱ्यात राहून ग्रीन कार्डची वाट पाहणाऱ्या आम्हा भारतीयांना मात्र त्यांचे नाव एका विधेयकामुळे पाठ झाले आहे. मी अजून भारतीय नागरिक असल्यामुळे इथे मला मताधिकार नाही, आणि भारतात मत द्यायचे तर मतदान केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहावे लागते. तरीही या सिनेटरांचे कामकाज जवळून पाहिल्यावर पक्षांतर, व्हिप (म्हणजे कसे मत द्यायचे याचा पक्षादेश) आणि सदस्यांची अपात्रता यांवर महाराष्ट्रात चाललेल्या वादाविषयी काही सांगावेसे वाटते.

आधी त्या विधेयकाविषयी. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे मिळतात, त्यात अर्जदारांच्या पती-पत्नींची आणि मुलांचीही गणना होते, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांपेक्षा अधिक येत नाहीत. छोट्या देशाला आणि भारताला मर्यादा एकच. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली, याचा तक्ता परराष्ट्र खाते दर महिन्याला प्रसिद्ध करते आणि त्यातला भारताचा रकाना किती पुढे सरकला, यावर घर घ्यायचे की नाही, नोकरी बदलायची की नाही, हे ठरते. मुलांचे वय २१ च्या जवळ आले की चिंता आणखी वाढते, कारण त्यानंतर बहुतेक मुले आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. ही देशनिहाय मर्यादा नोकरीच्या वर्गातून काढून टाकणारे विधेयक ली यांनी २०१९ मध्ये सिनेटमध्ये मांडले आणि त्यांच्या सहप्रस्तावक होत्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस. प्रतिनिधी सभागृहाने तसेच विधेयक १० जुलै २०१९ रोजी ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले.

सिनेटमध्ये ली यांनी सर्वसंमतीचा मार्ग धरला. सभागृहात उभे राहायचे, विधेयक मंजूर समजावे अशी विनंती करायची, आणि एकाही सदस्याने आक्षेप घेतला नाही तर ते मंजूर होते. पण आक्षेप आले, आणि सगळे विरोधी बाकांवरून आले नाहीत. रँड पॉल हे त्यांच्याच पक्षाचे. त्यांना परदेशी परिचारिकांची वाट अडेल अशी भीती होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे डिक डर्बिन यांचे म्हणणे असे, की एकूण संख्या न वाढवता मर्यादा काढली तर इतर देशांतील लोक रांगेत मागे ढकलले जातील. माझ्या मते डर्बिन यांचा मुद्दा रास्त होता, जरी त्या दिवसांत आमच्यापैकी अनेकांना तो ऐकून घेण्याचे त्राण नव्हते. ली यांनी प्रत्येक आक्षेपकर्त्याशी बोलणी करून मसुदा बदलला आणि २ डिसेंबर २०२० रोजी तो सिनेटमध्ये मंजूर झाला. दोन्ही सभागृहांच्या मसुद्यांचा मेळ बसण्याआधी त्या संसदेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले. ७ टक्क्यांची मर्यादा आजही तशीच आहे.

ली यांच्या बाकीच्या कामातही हा धागा दिसतो. डर्बिन यांच्याच सोबतीने त्यांनी सक्तीच्या किमान शिक्षा सौम्य करण्यासाठी अनेक वर्षे काम केले आणि त्यातला काही भाग डिसेंबर २०१८ मध्ये 'फर्स्ट स्टेप' कायद्यात आला. त्यामागे युटामधलेच एक प्रकरण होते. गांजाच्या किरकोळ विक्रीच्या वेळी जवळ पिस्तूल बाळगल्याबद्दल एका तरुणाला २००४ मध्ये ५५ वर्षांची शिक्षा झाली. ली तेव्हा याच राज्यात सरकारी वकील होते. येमेनमधील युद्धाला होणारी अमेरिकी मदत थांबवण्याचा ठराव त्यांनी समाजवादी विचारांच्या बर्नी सँडर्स यांच्याबरोबर मांडला. तो मार्च २०१९ मध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांनी सिनेटमध्ये मंजूर झाला आणि ट्रम्प यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. त्याच महिन्यात, सीमेवरील भिंतीसाठी ट्रम्प यांनी पुकारलेली आणीबाणी रद्द करण्याच्या बाजूने मत देणाऱ्या १२ रिपब्लिकन सदस्यांत ली होते. खर्चाचा आणि युद्धाचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, आहे, राष्ट्राध्यक्ष कोणत्याही पक्षाचा असो, ही त्यांची भूमिका.

त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही, आणि काही तर मुळीच पटत नाहीत. आरोग्य विमा कायद्याला रोखण्याच्या हट्टापायी २०१३ मध्ये सरकार १६ दिवस बंद पडले, त्यात टेड क्रूझ यांच्यासोबत ते आघाडीवर होते. जून २०२५ मध्ये त्यांनी पश्चिमेकडील लाखो एकर सार्वजनिक जमीन विकण्याची तरतूद अर्थसंकल्पीय विधेयकात घातली. इथल्या डोंगरांत फिरणारे, शिकारी, मासेमारी करणारे, त्यांतले बहुतेक त्यांचेच मतदार, खवळून उठले. आयडाहो आणि मोंटानाच्या रिपब्लिकन सिनेटरांनीही साथ दिली नाही आणि ली यांना तरतूद मागे घ्यावी लागली. ती मागे घेतली गेली याचा मला आनंद आहे. महत्त्वाचे हे, की या प्रत्येक गोष्टीची नोंद आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या प्रश्नावर, कोणत्या बाजूने मत दिले, हे नावानिशी कोणालाही पाहता येते.

आता आपल्याकडे पाहू. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत दोन शेती विधेयके गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधकांनी मतविभागणी, म्हणजे प्रत्येक सदस्याचे मत नोंदवून घेणे, मागितली होती, ती झाली नाही. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे चर्चेविना रद्द झाले. कांदा, कापूस, ऊस पिकवणाऱ्या मतदारसंघांतून निवडून आलेल्या महाराष्ट्राच्या खासदारांना त्या कायद्यांविषयी स्वतःचे काही म्हणणे असेलच. ते मतात उमटण्याची सोय नाही, कारण राज्यघटनेच्या १९८५ च्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षादेश मोडून मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते, मग विषय विश्वासदर्शक ठरावाचा असो की एखाद्या साध्या विधेयकाचा.

हा कायदा का आला हे मी विसरत नाही. १९६७ नंतर आमदारांचा बाजार मांडला गेला आणि त्यावर विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष आपले यशवंतराव चव्हाण होते. पण ज्या रोगावर औषध दिले तो रोग गेला का? गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आणि २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. पक्षाच्या आमदारांपैकी दोन-तृतीयांशांचा आकडा जमला की कायदा आडवा येत नाही. महाराष्ट्रात शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटली, २०२४ च्या आरंभी विधानसभाध्यक्षांचे निकाल आले आणि एकही आमदार अपात्र ठरला नाही. घाऊक पक्षांतर सुखरूप पार पडते आणि एकटा खासदार एका विधेयकावर विवेकाने मत देऊ पाहील तर त्याची जागा धोक्यात येते, ही स्थिती मला असह्य वाटते.

पुण्यातील एक ज्येष्ठ स्नेही मला म्हणतात, की अमेरिकेत तरी कोण स्वतंत्र आहे? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ली स्वतः २०१० मध्ये सिनेटवर आले ते बॉब बेनेट या जुन्या सिनेटरला पक्षाच्याच राज्य अधिवेशनाने उमेदवारी नाकारल्यावर. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी शर्यतीतून माघार घ्यावी असे जाहीरपणे सांगणारे ली पुढे त्यांचे पाठीराखे झाले, आणि २०२० च्या निकालानंतर सुरुवातीला तो निकाल उलथवण्याच्या प्रयत्नांना साथ देणारे त्यांचे संदेश नंतर उघड झाले, जरी ६ जानेवारी २०२१ रोजी त्या निकालावरील आक्षेपांच्या विरोधात त्यांनी मत दिले. उमेदवारी हुकण्याची भीती तिथेही आहे. पण त्या भीतीपुढे झुकायचे की नाही हे सदस्याने ठरवायचे असते, आणि त्याचा जाब मतदार मागू शकतो.

१९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने पक्षादेशावरील अपात्रता विश्वास आणि अविश्वास ठरावांपुरती ठेवावी असे सुचवले होते. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी त्या दिशेने खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, लोकसभेत मांडले आहे. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. म्हणून मागणी मतदारांकडून यायला हवी: अर्थविधेयके आणि विश्वासदर्शक ठराव सोडून बाकी सर्व ठिकाणी पक्षादेशाची सक्ती काढा, आणि संसदेत तसेच मुंबईच्या विधानभवनात प्रत्येक विधेयकावर नावानिशी मतविभागणी घ्या.