आईंना बारशाला जाऊ द्या, मशीनसकट

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुम्ही रागाने लिहिलंय आणि त्या रागाला कारण आहे. आधी ते कारण नीट समजून घ्यायचं होतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडण्याच्या आजाराचं मशीन, सीपॅप, बरोबर घेऊन मुक्कामाला कसं जावं ते लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, ‘मशीन नेता येणार नसेल तर मुक्कामाला जाऊच नका.’ या दादांच्या आई 64 वर्षांच्या आहेत आणि वर्षभर मशीन लावतात. ते वाक्य वाचून त्यांनी इचलकरंजीला बहिणीकडे भाचीच्या बाळाच्या बारशाला जायचंच रद्द केलं. दादा लिहितात, ‘स्वतंत्र खोली आणि समजूतदार नवरा असलेल्यांचे हे चोचले आहेत. माझी आई हॉलमध्ये अकरा बायकांच्या रांगेत झोपणार. चार लोकांत ते नाकाला लावायची तिला लाज वाटते. दोन रात्रींनी काही होत नाही, हे आमचे डॉक्टरही म्हणाले. आणि या मशीनने हार्ट अटॅक टळत नाही हे मोठ्या अभ्यासात सिद्ध झालंय. तुम्ही एका बाईला उगाच घाबरवलंत.’

दादा, ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. ते चुकीचं होतं. आईंची मी मनापासून माफी मागते, ही माफी त्यांना वाचून दाखवा. आजारासाठी माणसांत जाणं सोडायला सांगणं हा उपचार होऊ शकत नाही. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे माझ्यासारखी बाई होती, जी काही ना काही सबब काढून मशीन घरी ठेवते. धाक बसला की घरात बसणारी बाई माझ्या डोळ्यांपुढे नव्हती. ती असायला हवी होती.

पण ‘दोन रात्रींनी काही होत नाही’ हे मात्र मला मान्य नाही. का, ते सांगते.

हे मशीन आजार बरा करत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, मागची जागा मिटते आणि श्वास अडतो. किमान 10 सेकंद अडला तर तो मोजला जातो. मशीन नळीतून हवेचा दाब देऊन तो घसा उघडा धरतं. हा हवेचा टेकू आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी 1981 साली तो पहिल्यांदा जगापुढे मांडला आणि आजही तत्त्व तेच आहे. टेकू काढला की छप्पर खाली येतं, वर्षभर टेकू दिला होता म्हणून ते वर राहत नाही. माझ्या तपासणीत श्वास तासाला 34 वेळा अडत होता. 30 च्या वर गेलं की आजार तीव्र धरतात. मशीनवर तो आकडा 2-3 वर येतो, आणि मशीन काढलं की पहिल्याच रात्री यजमान घोरण्याने जागे होतात.

आता ही दोन रात्रींची सुट्टी आपण कधी घेतो ते बघा. लग्नात, बारशात, जत्रेत. म्हणजे जेवण उशिरा आणि जड, गप्पांत एक वाजलेला, पहाटे पाचला बंबाशी रांग. अनोळखी गादी, पाठीवर उताणं झोपणं, धुळीने चोंदलेलं नाक. पुरुष मंडळींत कुणी थोडी घेतलेली असते आणि दारूने घसा आणखी सैल पडतो. श्वास जास्तीत जास्त अडावा अशी सगळी तयारी त्या रात्री झालेली असते आणि नेमकं त्याच रात्री मशीन घरी असतं. तुमच्या डॉक्टरांनी आईंना धीर द्यायला ते म्हटलं असेल तर मी समजू शकते. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण पुढच्या भेटीला त्यांना सरळ विचारा, ‘आईंना दर मुक्कामाला मशीन सोडायला चालेल का?’

माझ्या त्या दोन रात्री 2022 च्या मे महिन्यातल्या. चिपळूणला दिराच्या मुलीचं लग्न होतं. बॅगा आधीच सहा, त्यात हे कुठे, म्हणून मशीन साताऱ्यातच कपाटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी यजमान आवराआवरीला मागे राहिले, गाडी मी घेतली. शेजारी लेक. कुंभार्ली घाट मी व्यवस्थित चढले, वळणांवर माणूस जागं राहतं. कोयनानगर गेलं, पाटण गेलं. मल्हारपेठेच्या अलीकडे रस्ता सरळ आणि मोकळा होता, आणि तिथे डाव्या बाजूची चाकं डांबर सोडून खडीत उतरली. ‘आई!’ अशी लेकीची किंकाळी ऐकू आली तेव्हा मला कळलं की माझे डोळे मिटले होते. त्या जागी कठडा नव्हता, झाड नव्हतं, समोरून काही येत नव्हतं. एवढ्यावर आम्ही दोघी आज आहोत. उपचार न घेतलेल्या ॲप्नियात गाडीच्या अपघाताचा धोका इतरांपेक्षा दुपटीच्या आसपास असतो, हे मी वाचलं होतं. तरी मशीन कपाटात ठेवलं होतं.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे आणि ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. घरी आल्यावर तरी मशीन त्या रात्री लावायचं की नाही? नाही लावलं. दमले होते, उद्यापासून म्हटलं. मग पाहुणे आले, मग शाळेची तयारी. रोजच्या वापराची नोंद ठेवणारं मशीनमधलं कार्ड डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा त्यात सलग 19 रात्री कोऱ्या होत्या. दादा, दोन रात्री दोन राहत नाहीत. मास्क लावून झोपायची सवय लागायला मला तीन महिने लागले होते आणि मोडायला एक लग्न पुरलं. म्हणून आईंनी मशीन बरोबर न्यावं असं मी म्हणते. त्या दोन रात्रींत त्यांच्या हृदयाला काही होईल म्हणून नाही. घरी परतल्यावर ते पुन्हा उशाशी यावं म्हणून.

हृदयाचं निघालंच आहे तर त्या अभ्यासाबद्दल. तो 2016 साली प्रसिद्ध झाला, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या 2,717 लोकांवर, आणि तुम्ही म्हणता ते खरं आहे. मशीन दिलेल्या गटात हार्ट अटॅक वा पक्षाघात कमी झाले नाहीत. पण त्या लोकांनी मशीन रात्रीला सरासरी 3.3 तासच लावलं होतं. अर्धी रात्रही नाही. तरीसुद्धा त्यांची दिवसाची झोप आणि घोरणं कमी झालं, मन:स्थिती सुधारली. 2011 मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी नियमित मशीन लावणाऱ्या काही जणांचा खरा उपचार 2 आठवड्यांसाठी थांबवला, तेव्हा श्वास अडणं परत आलं आणि सकाळचा वरचा रक्तदाब सरासरी 8 अंकांहून जास्त वाढला. ते 2 आठवडे होते, 2 रात्री नव्हेत, हे मी मुद्दाम सांगते. मशीन अटॅक टाळेल असं वचन मी आईंना देणार नाही. आई सकाळी ताज्या उठतील, दुपारी बसल्या जागी पेंगणार नाहीत, एवढं मात्र मी स्वतः अनुभवलंय.

आता लाजेबद्दल. तुमच्या पत्रातलं हेच मला सगळ्यात जिव्हारी लागलं, कारण खरी अडचण हीच आहे. वजन नाही, प्लग नाही, पैसाही नाही. पुरुष घोरला तर घरात त्याचं कौतुकाने हसं होतं. बाई घोरते म्हटलं की तिच्या वळणावर बोट. त्यात नाकाला नळी म्हणजे ‘हिला काय झालंय?’ मासिक पाळी गेल्यानंतर बायकांत हा आजार वाढतो, आणि पुष्कळदा त्या घोरण्याची तक्रार घेऊन येतच नाहीत. थकवा, सकाळचं डोकं दुखणं, झोप न लागणं, असं सांगतात. त्यावर कुणी रक्त वाढायच्या गोळ्या देतं, कुणी झोपेच्या. आजार तसाच राहतो.

स्वतंत्र खोली मलाही दर वेळी मिळत नाही. गेल्या वर्षी कराडच्या एका कार्यालयात आम्ही चौदा जणी एका हॉलमध्ये होतो. मी संध्याकाळीच भिंतीकडची, बोर्डाजवळची गादी धरली. दिवे मालवायच्या आधी, सगळ्या जाग्या असताना, मशीन बाहेर काढून चालू केलं. अंधारात हळूच लावलं की ते भुतासारखं दिसतं, उजेडात लावलं की नुसतं एक यंत्र असतं. आत्याबाईंनी विचारलंच, ‘हे काय गं, ऑक्सिजन लागतो तुला?’ मी म्हटलं, ‘नाही आत्या, ही आपल्या खोलीतलीच हवा आहे,’ आणि नळीचं तोंड त्यांच्या तळहातावर धरलं. मग दोन पोरी आल्या, त्यांनीही हात धरून पाहिला. पाच मिनिटांत सगळ्यांचं कुतूहल संपलं. आवाज पंख्याखाली ऐकूही येत नव्हता. सकाळी चहा घेताना माझी एक जाऊ शेजारी येऊन बसली आणि खाली बघत म्हणाली, ‘मलापण रात्री गुदमरून जाग येते. मी म्हटलं वयच झालं.’ तिची तपासणी झाली. आता तिच्याकडेही मशीन आहे.

आईंनी असंच करावं असा आग्रह नाही. पण त्यांना आधी बोलायचं अवघड वाटत असेल तर तुमच्या मावशीला तुम्ही सांगा. घरातल्या मुलाने फोनवर सहज सांगितलेल्या गोष्टीची चर्चा होत नाही.

‘लाईट गेली तर गुदमरेल’ ही त्यांची भीती तुम्ही एका ओळीत लिहिलीत, ती मोठी भीती आहे. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क असेल तर त्यात एक झडप असते, दाब थांबला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नुसता नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळंच असतं. घरी दिवसा, जागेपणी मास्क लावून बटण बंद करून त्यांना एकदा दाखवा. सांगून भीती जात नाही, करून बघितलं की जाते.

बॅटरीचा खर्च बारशासाठी करू नका. जिथे वीज नाहीच तिथे ती लागते. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी मशीनमधल्या, हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीचा हीटर बंद ठेवून हिशेब करावा, कारण खरी वीज तोच खातो. हीटरशिवाय माझ्या 9 च्या दाबावर 100 वॅट-तासांच्या आसपासची बॅटरी एक रात्र काढते. विमानात 100 वॅट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, पण केबिनमध्ये, चेक-इनच्या सामानात नाही. रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवर रात्री विसंबू नका. पश्चिम रेल्वेने 2021 च्या मार्चमध्ये आगीच्या धोक्यामुळे ते रात्री 11 ते पहाटे 5 बंद ठेवायला सुरुवात केली होती.

घराबाहेरची एक रात्र आपण मोजतच नाही, ती दवाखान्यातली. आईंचं गुडघ्याचं वा कसलंही ऑपरेशन निघालं तर ॲप्निया आहे हे भुलीच्या डॉक्टरांना आधी सांगा आणि मशीन बरोबर न्या. भूल आणि जोरदार वेदनाशामकं घसा आणखी सैल करतात. बाकी कुठलीही रात्र विसरलात तरी ही विसरू नका.

आणि समजा, एवढं सगळं करूनही मशीन घरी राहिलंच, तर बारसं सोडून परतू नये. कुशीवर झोपावं, पाठीशी उशी लावावी म्हणजे उताणं होणार नाही. डोकं उंच ठेवावं. झोपेची गोळी घेऊ नये. दुसऱ्या दिवशी गाडी चालवू नये. याने आजार जात नाही, रात्र थोडी बरी जाते, आणि घरी पोचल्यावर त्याच रात्री मास्क लावावा, कितीही दमलं तरी.

बारसं पुढच्या गुरुवारी आहे असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा आज मावशींना फोन करून विचारा, झोपायच्या हॉलमध्ये प्लग कुठल्या भिंतीला आहे आणि तो तीन पिनांचा आहे का. तीन मीटरची एक्सटेन्शन पिशवीत टाका. टाकी रिकामी करून, पुसून न्या. तिथे डिस्टिल्ड वॉटर नसेल तर नळाचं पाणी घालू नका, दोन रात्री हीटर बंद ठेवून कोरडं चाललं तरी चालतं, घसा जरा सुकेल इतकंच. मशीन जमिनीवर नको, कुणाचा पाय लागेल, उशाशी पाट ठेवून त्यावर ठेवा.

आईंना माझ्याशी बोलायचं असेल तर तुमचा नंबर मला ईमेलने कळवा. शाळा सुटल्यावर, साडेपाचनंतर, मी स्वतः त्यांना फोन करेन.