डेपोभोवतीचे दोन किलोमीटर: एका फिरत्या मजकुराला उत्तर

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव आणि देवळी भागातील व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर अधूनमधून डोके वर काढतो. त्याचा आशय असा आहे. पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोच्या कुंपणापासून दोन किलोमीटरपर्यंतची सगळी जमीन लष्कर ताब्यात घेणार असून सातबाऱ्यावरून शेतकऱ्याचे नाव कमी होणार आहे. तेथे पेरणीसुद्धा करता येणार नाही आणि भरपाई एका रुपयाचीही मिळणार नाही. मुळात डेपोतला माल मातीखाली असल्यामुळे बाहेर धोका नाहीच, आणि सरकारने 2016 मध्ये स्वतःच ही मर्यादा 10 मीटरवर आणली आहे. तेव्हा शहाण्या माणसाने आजच जमीन अकृषक करून प्लॉट पाडावेत. शेवटी हा मजकूर जास्तीत जास्त शेतकरी बांधवांपर्यंत पोहोचवण्याची विनंती असते, आणि ती मात्र तंतोतंत पाळली जाते.

मर्यादा खरोखरच 10 मीटरची असेल, तर लष्कर दोन किलोमीटर कशासाठी घेणार, हा प्रश्न मजकूर लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. तरीही त्यातील काही भाग अर्धा खरा आहे, आणि अर्धे खरे असलेले विधान नुसते खोटे म्हणून झटकून टाकता येत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा जमीन जाण्याचा. माझ्या परिचयातील एका शेतकऱ्याने हा मजकूर मला दाखवला, तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात सेतू केंद्रातून नुकताच काढलेला सातबारा होता. कब्जेदाराच्या जागी त्याचे नाव होते आणि इतर अधिकाराच्या रकान्यात सेवा सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता. "नाव तं अजून माह्यंच आहे न, भाऊ?" असे त्याने दोनदा विचारले. नाव त्याचेच होते आणि ते तसेच राहते, कारण भूसंपादन आणि निर्बंध या कायद्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. संपादन करायचे असेल तर ते 2013 च्या भूसंपादन कायद्याने होते आणि त्यात मालकी बदलते. संरक्षण स्थळांभोवतीच्या जमिनीच्या वापरावर मर्यादा घालण्यासाठी 1903 चा ‘वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट’ आहे, आणि त्यात मालकी शेतकऱ्याकडेच राहून तिच्या उपभोगाला अटी लागतात. अशा निर्बंधाची नोंद झालीच, तर ती बोजासारखी इतर अधिकारात होते, कब्जेदाराच्या जागी होत नाही. शिवाय हे निर्बंध कोणाच्या तोंडी सांगण्याने लागत नाहीत. कलम 3 प्रमाणे केंद्र सरकारचा जाहीरनामा राजपत्रात प्रसिद्ध व्हावा लागतो आणि त्याचा आशय जिल्हाधिकाऱ्यांना त्या परिसरात जाहीर करावा लागतो. आपला गट क्रमांक अशा जाहीरनाम्यात आहे की नाही, हे तहसील कार्यालयात अर्ज करून लेखी विचारता येते.

‘दोन किलोमीटर’ हा आकडाही कायद्यातील नाही. कायदा तीन सीमा सांगतो. सर्वांत बाहेरची सीमा जास्तीत जास्त 2,000 यार्डांची, म्हणजे सुमारे 1,829 मीटरची असते. मधली 1,000 यार्डांची, म्हणजे सुमारे 914 मीटरची. आणि सर्वांत आतली 500 यार्डांची, म्हणजे सुमारे 457 मीटरची. ही अंतरे कमाल आहेत, जाहीरनाम्यात ती याहून कमी ठेवता येतात. ती रस्त्यालगतच्या तारेच्या कुंपणापासून मोजायची नसून प्रत्यक्ष संरक्षण बांधकामाच्या बाहेरच्या तटापासून मोजायची असतात. पुलगावच्या डेपोचा विस्तार सुमारे 7,000 एकर असल्याचे सांगितले जाते. एवढ्या आवारात कुंपण आणि आतील बांधकाम यांच्यामध्येच बरेच अंतर असू शकते. त्यामुळे मोजणी कोठून करायची, यावर एखाद्या शेतकऱ्याचे सगळे वावर आत किंवा बाहेर ठरू शकते.

आता पेरणीचा मुद्दा, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण मजकुरात जे चुकीचे सांगितले आहे त्याच्या शेजारीच खरी अडचण दडलेली आहे. निर्बंधांची यादी कलम 7 मध्ये आहे. कापूस, तूर, सोयाबीन किंवा गहू पेरण्यावर त्यात कोणतीही बंदी नाही. मोकळे पिकाऊ रान ही तर डेपोला सर्वांत सोयीची शेजारीण असते, कारण तेथे दिवसा मोजकी माणसे असतात आणि रात्री जवळजवळ कोणीच नसते. परंतु शेती म्हणजे केवळ पेरणी नव्हे. बाहेरच्या सीमेपासूनच जमिनीची पातळी बदलणे आणि जमिनीवर कोणतेही बांधकाम करणे यांसाठी लष्करी अधिकाऱ्याची लेखी संमती लागते. म्हणजे शेततळ्याचा प्रश्न तेथेच उभा राहतो, आणि टिनाच्या कोठ्याचाही, म्हणजे गोठ्याचाही. माती, रेती, विटा, लाकूड यांचे ढीग घालण्यास मनाई आहे. शेणखत आणि शेतमाल यांना त्यातून सूट मिळू शकते, पण तीही लेखी संमतीने. मधल्या सीमेत जिवंत कुंपण, झाडांच्या रांगा आणि फळबागा ठेवण्यास किंवा लावण्यास संमती लागते, त्यामुळे संत्र्याची बाग असणाऱ्याला हा निर्बंध कपाशी पेरणाऱ्यापेक्षा कितीतरी जड जातो. आतल्या सीमेत तर खोदकामालाच मनाई आहे, म्हणजे नव्या विहिरीचा विषय संपला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने विहीर आणि शेततळे हीच शेतीची पुढची पायरी असते. पेरणी बंद होणार या अफवेवर ज्या सभा रंगतात, त्या सभांत विहिरीचा प्रश्न कोणी विचारत नाही, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

शेतीच्या बाजूनेही एक धोका आहे, तो आपण मान्य केला पाहिजे. आपल्याकडे उन्हाळवाहीच्या दिवसांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटून तिचे ढीग पेटवले जातात आणि धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, वाळले गवत जाळले जाते. 28 एप्रिल 2000 रोजी राजस्थानातील भरतपूरच्या दारूगोळा डेपोत जी आग भडकली, ती वाळलेल्या गवतातून पसरली होती, आणि ते गवत डेपोच्या स्वतःच्या आवारातील न कापलेले गवत होते. कुंपणाच्या आतील गवताचा जाब लष्कराला विचारायचा असेल, तर कुंपणाबाहेरचा धुरा एप्रिलमध्ये पेटवणार नाही, हेही आपल्याला म्हणता आले पाहिजे. पऱ्हाटी जाळण्याऐवजी कुटी करून मातीत मिसळणे हा उपाय आता अनेकांच्या परिचयाचा आहे आणि तो डेपोशेजारच्या गावांत आधी यायला हवा.

माल मातीखाली आहे, म्हणून धोका नाही, हे विधान मजकुरातील सर्वांत घातक विधान आहे. कोठारांवर चढवलेली माती मुख्यतः एका कोठारातील स्फोटाने शेजारचे कोठार उडू नये यासाठी असते. बाहेरच्या गावाला ती अभय देत नाही. 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या डेपोत आग लागून स्फोट झाले, तेव्हा दोन अधिकाऱ्यांसह 16 जणांच्या मृत्यूची नोंद पहिल्याच दिवशी झाली आणि मृतांत बहुसंख्य अग्निशमन कर्मचारी होते. आगरगाव आणि आसपासच्या गावांतील लोकांना त्या रात्री घरे सोडून निघावे लागले. ज्या गटांवर हा मजकूर फिरतो, त्यांत त्या रात्री मुलांना उचलून पळालेली माणसेही असणार.

अंतर कसे ठरते, याचे गणित अवघड नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दारूगोळाविषयक मार्गदर्शक सूचनांत राहत्या घरांसाठीचे अंतर असे काढतात: एका ठिकाणी साठवलेल्या निव्वळ स्फोटकाचे किलोतील वजन घ्यावे, त्याचे घनमूळ काढावे आणि त्याला 22.2 ने गुणावे. उत्तर मीटरमध्ये येते. 1,000 किलोसाठी 222 मीटर, 8,000 किलोसाठी 444 मीटर आणि 64,000 किलोसाठी 888 मीटर. वजन आठपट झाले की अंतर दुप्पट होते. रस्त्यासाठी गुणक 14.8 चा असतो, कारण वाटसरू तेथे क्षणभरच असतो. शाळा, दवाखाना आणि बहुमजली इमारत यांच्यासाठी मात्र तो 44.4 होतो. याचा अर्थ 8,000 किलोच्या साठ्यापासून 444 मीटरवर घर चालेल, पण शाळा 888 मीटरच्या आत चालणार नाही. भारतात संरक्षण खात्याचे स्फोटक साठवणुकीचे स्वतःचे नियम आहेत, परंतु तर्क हाच आहे. घरांसाठीच्या या अंतरावरही काहीच होणार नाही असे कोणी म्हणत नाही. काचा फुटतील, दाराच्या चौकटी हलतील, छपराचे कवेलू सरकतील, पण घर माणसावर कोसळणार नाही, एवढीच त्याची हमी आहे.

दहा मीटरच्या दाव्याला थोडक्यात उत्तर पुरेसे आहे. संरक्षण मंत्रालयाने 2011 मध्ये लष्करी आस्थापनांशेजारच्या बांधकामांसाठी ना हरकत प्रमाणपत्राच्या सूचना काढल्या होत्या, त्यांत 100 मीटर आणि चार मजल्यांहून उंच इमारतींसाठी 500 मीटर असे अंतर होते. ऑक्टोबर 2016 च्या सुधारणेत काही ठिकाणांसाठी ते 10 मीटर आणि काहींसाठी 100 मीटर झाले. या सूचनांचा भर सुरक्षेवर, म्हणजे शेजारच्या इमारतीतून आत कोण डोकावते यावर आहे. स्फोटाचा धक्का परिपत्रक वाचून थांबत नाही, आणि 1903 च्या कायद्याखालचा जाहीरनामा असल्यास मंत्रालयाच्या सूचनेने तो रद्दही होत नाही.

प्लॉट पाडण्याचा सल्ला कोणाच्या फायद्याचा आहे, हे सांगण्याची गरज नसावी. अकृषक परवानगी मिळाली म्हणजे लष्करी निर्बंध उठला, असे होत नाही. दोन्ही परवानग्या वेगळ्या आहेत आणि एक दुसरीची जागा घेत नाही. गुरुग्राममध्ये हवाई दलाच्या दारूगोळा डेपोभोवतीच्या 900 मीटरच्या पट्ट्यात वस्ती वाढत गेली आणि तेथील हजारो कुटुंबांना घर असूनही वर्षानुवर्षे अनधिकृत म्हणून राहावे लागले. लेआऊट टाकणारा पहिल्या वर्षीच पैसे घेऊन निघून जातो. 44.4 च्या गणितात सापडते ते, पाच वर्षांनी त्या लेआऊटमध्ये भाड्याने खोली घेऊन सुरू झालेली नर्सरी शाळा.

हा छळ फक्त आपल्याच देशात होतो, असेही मजकुराच्या काही आवृत्त्यांत म्हटलेले असते. अमेरिकेत लष्करी तळ आणि शेजारची गावे यांनी एकत्र बसून जमीनवापराचा आराखडा करण्याचा कार्यक्रम 1985 पासून आहे. 2002 च्या अखेरीस तेथे केलेल्या तरतुदीने संरक्षण खाते तळाशेजारच्या शेतकऱ्याचा बांधकामाचा हक्क मोबदला देऊन विकत घेण्यासाठी पैसा देऊ शकते. शेतकरी शेती करत राहतो आणि मालकही राहतो. आपल्याकडे मागणी करायचीच असेल, तर ती याची करावी. कुंपणाला लागून शेती आणि चराई, त्यापलीकडे गोदामे व जिनिंग, वस्ती व शाळा सर्वांत दूर, असा आराखडा ग्रामपंचायत, नगररचना विभाग आणि डेपो यांनी मिळून करणे कोणत्याही कायद्याने निषिद्ध नाही. जमीनवापर ठरवणे म्हणजे माणसे कोठे राहतात एवढेच नव्हे, कोठे राबतात हेही ठरवणे होय. 20 नोव्हेंबर 2018 रोजी पुलगावजवळच्या सोनेगाव येथील लष्करी मैदानावर जुना दारूगोळा निकामी करताना झालेल्या स्फोटात सहा जण गेले, त्यांत कंत्राटी मजूरही होते. रोजगारासाठी गावातील माणूस ज्या ठिकाणी नेला जातो, ते ठिकाणही त्या आराखड्यात आले पाहिजे.

शेवटचा दावा भरपाईचा. कायदा याच्या उलट सांगतो. जाहीरनाम्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी हितसंबंधितांकडून दावे मागवायचे असतात, चौकशी करून निवाडा द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याची मागणी करता येते. भरपाई ठरवताना जाहीरनाम्यामुळे जमिनीच्या बाजारभावात झालेली प्रत्यक्ष घट विचारात घेण्याची तरतूद आहे. एक अपवाद मात्र कडू आहे. मधल्या सीमेत संमतीने उभारलेली झोपडी किंवा लाकडी मांडव पुढे लेखी आदेश आल्यास विनामोबदला काढावा लागतो. बाकीचा दावा मोजता येतो, फक्त तो मोजून मांडावा लागतो. माझ्या परिचयातील त्या शेतकऱ्याला मी हेच सांगितले की जाहीरनामा निघालाच, तर दाव्यात ‘जमिनीचे नुकसान’ असे दोन शब्द लिहून चालणार नाही. संत्र्याची झाडे किती व किती वर्षांची, विहीर किती हात खोल आणि फेब्रुवारीत तिला पाणी किती, कोठा केव्हा बांधला, शेततळ्याचा अर्ज कोणत्या तारखेला केला आणि त्याची पोच कोठे आहे, हे सगळे आजच एका कागदावर उतरवून तलाठ्याकडून पीकपेऱ्याच्या नोंदी तपासून घ्याव्यात. त्याच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंदच नव्हती.