‘माकडांना दुधाचे दात नसतात’ म्हणे! ताई, हे वाच आधी

परवा आत्याने फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. माकडांना आपल्यासारखेच ३२ दात असतात पण दुधाचे नसतात, एकदाच येतात ते जन्मभर टिकतात, ब्रश न करता कीडही लागत नाही, म्हणून पोरांच्या किडलेल्या दातांवर पैसे घालवू नका, ते पडणारच आहेत. एरवी सोडून दिलं असतं, पण हे वाचून ताईने सात वर्षांच्या भाचीची डेंटिस्टची अपॉइंटमेंटच कॅन्सल केली!

३२ चा आकडा आपल्याकडच्या माकडांसाठी बरोबर आहे, मान्य. बाकी काय? माकडाच्या पिल्लाला आधी २० दुधाचे दातच येतात, आपल्या पोरांइतकेच. ऱ्हीसस माकडाला पहिली कायमची दाढ साधारण सव्वा-दीड वर्षाची असताना येते, मग पुढचे दात, सुळे त्यानंतर, आणि शेवटची दाढ यायला सहा-सात वर्षं लागतात. नवा दात जबड्यात खाली तयार होतो, तो वर सरकताना दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं आणि दात हलायला लागतो, डिट्टो आपल्यासारखं.

किडीचं म्हणाल तर जंगलातल्या माकडांच्या खाण्यात साखर कमी म्हणून कीड कमी, शून्य नाही. आणि आपली पोरं बिस्किटं खातात ना.

आता ते ‘पडणारच आहेत’. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, तोवर पोरीने चावायचं कशाने? कीड मुळाशी गेली की पू होतो, खाली तयार होणाऱ्या दातालाही इजा होऊ शकते, आणि दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. त्यात पहिली कायमची दाढ कुठलाही दात न पडता दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते, माकडातही आणि माणसातही, त्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते. हॉली स्मिथ या संशोधिकेने १९८९ मध्ये २१ प्रायमेट (म्हणजे माकडं, वानर, माणूस यांच्या गटातल्या) जातींची तुलना करून दाखवलं की मेंदू जितका मोठा तितकी ही दाढ उशिरा येते, म्हणून माकडाला दीड वर्षाच्या आतबाहेर आणि आपल्याला सहाव्या वर्षी.

ताई, डॉक्टरांनी भाचीच्या ज्या दोन दाढा भरायला सांगितल्यात ना, त्यातली सगळ्यात मागची हीच आहे, ती पडून दुसरी येणार नाहीये. शनिवारची वेळ परत घे, मी कोथरूडहून गाडी घेऊन येतो.