आरपीजी, बाण आणि एक न मरणारा खेकडा

काल कट्ट्यावर जे झालं ते लिहून ठेवतोय, कारण पुढच्या आठवड्यात पक्या म्हणणार मी असं बोललोच नव्हतो, त्याची ती जुनी सवय आहे. विषय होता आरपीजीचा, म्हणजे एक पात्र घेऊन त्याला वाढवत गोष्ट पुढे नेायचे ते व्हिडिओ गेम, आणि ते सोपे करून बिघडवले का याचा.

सुरुवात सुम्याने केली, ती पण बिचाऱ्याने नकळत. त्याला मुलगी झाल्यापासून तो कट्ट्यावर येतो तोच अर्धा झोपेत, आणि काल येऊन टेकतो न टेकतो तोच म्हणाला, "फायनल फँटसी सोळा संपवला रे, स्टोरी मोडवर, म्हणजे सोप्यावर, मजा आली." झालं. पक्याने त्याच्याकडे असं बघितलं की याने कॉपी करून पहिला नंबर काढलाय.

"त्या अंगठ्या घालून?"

"हो, दोन घातल्या. एकीने वार आपोआप चुकवले जातात, दुसरीने एकच बटण दाबत राहिलं की एकामागून एक वारांचे कॉम्बो होतात."

"म्हणजे गेमने गेम खेळला आणि तू बसून बघितलास."

"रात्री पाऊण तास मिळतो मला," सुम्या जराही न चिडता म्हणाला, "त्यात तोच राक्षस अकरा वेळा मारत बसू का गोष्ट पुढे नेऊ?"

यावर पक्याकडे उत्तर नव्हतं. आणि पक्याकडे उत्तर नसलं की तो विषय मोठा करतो.

"तुझं नाही रे, हे सगळं मेनस्ट्रीमच्या, म्हणजे सगळ्यांनाच खेळता यावं या हव्यासाने झालंय. एकाच मालिकेतले तीन गेम घे. मोरोविंड, २००२ चा. पात्राला शिकायला सत्तावीस स्किल. ऑब्लिव्हियन, २००६, एकवीस. स्कायरिम, २०११, अठरा, आणि ताकद, बुद्धी, चपळाई हे जे मूळ आकडे ते तर पार गायब, उरलं काय तर जीव, जादू आणि दम. हा आरपीजी आहे का डाएट प्लॅन?"

"आणि तो सहा कोटींच्या वर खपला हे नाही सांगितलंस," केतकी म्हणाली.

"खपला म्हणूनच तर बोलतोय ना! खपला म्हणून मग सगळ्यांनी तेच केलं. मोरोविंडमधे माणूस तुला पत्ता सांगायचा, अमक्या पुलापाशी वळ, डोंगराच्या पोटातून वाट जाते ती धर, मग उजव्या हाताला बघ. तू वही काढून लिहायचास. आणि आता? डोक्यावर बाण. बाणाच्या मागे चालत जायचं, मारायचं, परत यायचं. कुत्र्याला चेंडू टाकल्यासारखं."

इथे मी तोंड उघडलं, आणि मला वाटतं बरोबरच बोललो. मी म्हटलं बाण हा प्रॉब्लेम नाहीये पक्या. स्कायरिममधे बाण बंद करता येतो, मी केला होता, दोन तास टिकलो. कारण बाण बंद केला की कळतं की समोरचा माणूस बहुतेक वेळा पत्ता सांगतच नाही, तो नुसता म्हणतो अमक्या गुहेत जा, संपलं, कारण ज्याने ते डायलॉग लिहिले त्याने धरूनच चाललंय की वर बाण असणार. सोय वरून चढवलेली असेल तर काढता येते, पण सोय गृहीत धरूनच पाया घातला असेल तर ती काढायला गेलं की भिंत अंगावर येते.

"हे वाक्य घरून पाठ करून आलायस," पक्या म्हणाला. (नव्हतो आलो. तिथेच सुचलं.)

मग नाना बोलले. नाना आमच्यात सगळ्यात मोठे, पन्नाशी कधीच ओलांडलेली, आम्ही त्यांना अहो-जाहो करतो आणि ते आम्हाला गाढवांनो म्हणतात. ते एरवी ऐकत बसतात, पण जपानी गेमचा विषय निघाला की मोबाईल खिशात जातो.

"गाढवांनो, मेनस्ट्रीम मेनस्ट्रीम काय करताय, ही भानगड तुमच्या जन्माआधीची आहे. विझर्ड्री आणि अल्टिमा माहितीये का? १९८१ चे, अमेरिकन, कॉम्प्युटरवरचे. विझर्ड्रीत सहा जणांची टोळी घेऊन तळघरात उतरायचं, चौकटीच्या कागदावर नकाशा आपला आपण काढायचा, कोणी मेला तर देवळात नेऊन जिवंत करायचा प्रयत्न करायचा, तो फसला तर त्याची राख, राखेवर परत फसला तर माणूस कायमचा गेला. आठवडाभर वाढवलेला माणूस. आता जपानमधे एक युजी होरी, त्याला या दोन्ही गेमचं वेड, आणि त्याला वाटलं हे पोरांना पण खेळता आलं पाहिजे, तेही घरातल्या टीव्हीला लावलेल्या फॅमिकॉम या गेमच्या डब्यावर, जिथे कीबोर्डच नाही. मग त्याने अल्टिमाचा वरून दिसणारा नकाशा घेतला, विझर्ड्रीची समोरासमोरची मारामारी घेतली, टोळी काढून टाकली, एकच हिरो, आणि मेलात तर अर्धं सोनं जाणार पण कमावलेला अनुभव तसाच राहणार. १९८६, ड्रॅगन क्वेस्ट. अख्खी जपानी आरपीजीची लाईन तिथून सुरू."

"मग ते सोपं करणंच झालं की," सुम्याला एकदम जाग आली.

"झालंच. पण कसं केलं ते ऐक. गेम सुरू होतो तोच राजाच्या दालनात, दाराला कुलूप. पेटी उघडायची, किल्ली घ्यायची, दार उघडायचं, जिना उतरायचा, आणि प्रत्येक गोष्टीला मेनूत वेगळी आज्ञा, जिना उतरायला सुद्धा. त्या खोलीतून बाहेर पडलास म्हणजे तुला गेम खेळता यायला लागला. कोणी शिकवलं नाही, पुस्तक वाचलं नाही."

पक्या गप्प बसला, म्हणजे त्याला पटलं होतं. मग म्हणाला, "पण नाना, त्या काळी पण कोणीतरी म्हणालंच असेल ना, एकच हिरो, मेलं तरी काही बिघडत नाही, हा काय आरपीजी आहे का?"

"असणारच," नाना म्हणाले, "त्या काळचा पक्या."

हे हसणं संपेपर्यंत बराच वेळ गेला.

मला स्वतःला स्कायरिमपेक्षा फॉलआउट फोरचा जास्त राग आहे आणि तो मी काल परत एकदा काढला, लोकांनी आधी चार वेळा ऐकलाय तरी. पहिला फॉलआउट, १९९७, त्यात बुद्धी कमी ठेवून माणूस बनवला तर तो धड बोलू शकत नाही, नुसता हुं हुं करतो, लोक त्याच्याशी तसेच वागतात, म्हणजे कॅरेक्टर शीटवरचा एक आकडा अख्खा संवाद बदलतो. फॉलआउट फोर, २०१५, प्रत्येक वेळी चार उत्तरं, चार बटणांची चार. बऱ्याचदा त्यातलं एक हो, एक नाही, एक प्रश्न आणि एक टोमणा. आणि पडद्यावर दिसतात दोन शब्द, निवडल्यावर हिरो भलतंच काहीतरी बोलतो. मॉडवाल्यांनी, म्हणजे गेममधे आपले आपण बदल करणाऱ्या खेळाडूंनी, पूर्ण वाक्य दिसेल असा मॉड काढला, यातच काय ते आलं.

"पण आवाज होता ना हिरोला," सुम्या म्हणाला, "सिनेमासारखं वाटतं ते."

तिथेच तर गोम आहे! सिनेमासारखं वाटावं म्हणून हिरोला आवाज दिला, बाईचा एक आणि पुरुषाचा एक, दोघांनी प्रत्येकी तेरा हजारांच्या वर ओळी रेकॉर्ड केल्या. आता प्रत्येक उत्तराची दोन दोन रेकॉर्डिंग करायची म्हटल्यावर लिहिणारा दहा उत्तरं कशाला लिहील? आणि अडाणी माणसाचे वेगळे डायलॉग तर विसराच. एवढा खर्च केला, एवढी मेहनत केली, आणि त्यातून निघालं काय तर चार पर्याय. आळशीपणा नव्हता तो, उलट नको तिथे कष्ट केले.

केतकी इतका वेळ ऐकत होती. तिचा पहिला आरपीजी म्हणजे बाल्डर्स गेट थ्री, २०२३ चा, त्याआधी तिने फोनवर गोळ्या जुळवण्यापलीकडे काही खेळलेलं नाही हे ती स्वतःच सांगते. म्हणजे पक्या ज्याला मेनस्ट्रीम म्हणून शिव्या घालतो ते प्रत्यक्ष शेजारी बसलेलं होतं.

"मला एक सांग," ती पक्याला म्हणाली, "मी कशी आले या भानगडीत? कोणीतरी सोपं करून दिलं म्हणून? अजिबात नाही. मैत्रिणीच्या स्क्रीनवर तो वीस बाजूंचा फासा गडगडताना बघितला. पंधरा पाहिजे होते, तिने सगळे बोनस मोजले, हात जोडले, आणि एक आला. एक आला की बोनस कितीही असू दे, फसलंच. ती किंचाळली आणि मी म्हटलं मला हे खेळायचंय. तो गेम टर्न-बेस्ड आहे, म्हणजे आळीपाळीने एकेकाने चाल करायची, आकड्यांनी भरलेलाय, पहिले तीन दिवस मला स्पेल स्लॉट म्हणजे काय ते कळत नव्हतं. तरी खेळले."

"आणि त्यात हिरो बोलत नाही," मी मधे घुसलो, "तू निवडलेलं वाक्य वाचायचं, समोरचा बोलतो." कोणी लक्ष दिलं नाही.

"आणि त्यात सोयी नाहीत असं नाही हं," केतकी पुढे म्हणाली, "सोपा मोड आहे. चुकीचा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, घेतला तर तो हाडांचा म्हातारा कॅम्पात थोडं सोनं घेऊन सगळं बदलून देतो. फासे सारखे सारखे वाईट पडू नयेत म्हणून पण एक सेटिंग आहे, ते आधीपासून चालूच असतं, नको तर बंद कर. मी बंद केलं दुसऱ्या वेळी."

पक्या म्हणाला बंद केलंस? तर ती हो म्हणाली, आणि मला दिसलं की पक्याच्या मनात तिच्याबद्दलचा आदर तिथल्या तिथे दुप्पट झाला.

पण तो हार मानणारा नाही. त्याने एल्डन रिंग काढला. डिफिकल्टी निवडायची सोयच नाही, क्वेस्टची यादी नाही, कोण काय म्हणालं ते आपण लक्षात ठेवायचं, आणि २०२२ मधे तीन आठवड्यांच्या आत एक कोटी वीस लाख खपला. "बघा, कोणासाठी काही सोपं केलं नाही तरी लोक आले."

"मलेनियाला कशाने मारलंस?" सुम्याने त्यातल्या एका अवघड राक्षसिणीबद्दल विचारलं.

पक्या काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने."

"मिमिक टिअरने."

आता ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी, मिमिक टिअर म्हणजे आपलीच एक नक्कल बोलवता येते, ती आपल्या बाजूने लढते, आणि राक्षस तिच्या मागे लागला की आपण मागून हाणायचं. सुम्याच्या अंगठीची थोरली बहीण. सुम्याने फक्त मान हलवली, मला वाटतं गेल्या वर्षभरातला त्याचा सगळ्यात आनंदाचा क्षण असावा. नाना म्हणाले की त्या गेममधला घोडा पण सोयच आहे, एका ठिकाणी मार खाल्लास तर घोड्यावर बसून दुसरीकडे जाता येतं, त्याच कंपनीच्या जुन्या डार्क सोल्समधे असं सहज निघून जाता यायचं नाही. पक्या म्हणाला घोडा वेगळा. का वेगळा ते सांगितलं नाही.

मला यातून जे जाणवलं ते असं की कंपन्यांच्या डोक्यात एक मेनस्ट्रीम माणूस असतो ज्याला आकडे आवडत नाहीत, वाचायला आवडत नाही, थांबायला तर अजिबात आवडत नाही. तो माणूस मला अजून भेटलेला नाही. फायनल फँटसी सोळात त्याच्यासाठी टर्न ठेवलेच नाहीत, आठवड्यात तीस लाख गेला आणि तरी कंपनी म्हणाली अपेक्षेएवढा नाही. ड्रॅगन एजचा २०२४ चा भाग पंधरा लाख लोकांपर्यंत पोचला, तो अंदाजाच्या जवळजवळ निम्म्याने कमी पडला. आणि २०२५ मधे फ्रान्समधल्या एका छोट्या टीमचा एक्स्पिडिशन ३३, चक्क टर्न-बेस्ड, तीन दिवसांत दहा लाख. सुम्याला तो पण घ्यायचाय. तो स्टोरी मोडवर खेळेल आणि त्याला मजा येईल आणि त्यात कोणाचं काही जात नाही, खाली टर्न आहेतच, पक्याला हवे तेव्हा.

आणि केतकीच्या फाशाबद्दल मी घरी जाताना विचार करत होतो. मोरोविंडमधे पण फासाच पडतो, वार लागला की नाही ते आतल्या आत ठरतं, फक्त दिसत नाही. स्कायरिमवाल्यांनी (खरं तर आधी ऑब्लिव्हियनवाल्यांनीच) तो काढूनच टाकला, तलवार लागली म्हणजे लागली. बाल्डर्स गेटने तोच उचलून पडद्याच्या मधोमध आणून ठेवला.

तर हे सगळं होऊन उठताना पक्या केतकीला म्हणाला, एवढी हौस आहे तर मोरोविंड खेळून दाखव. ती म्हणाली खेळते.

आज सकाळी ग्रुपवर तिचा मेसेज, वेळ पहाटेची दीड.

"पक्या, माझ्यासमोर खेकडा आहे. मी त्याला तलवार मारतेय. तलवार त्याच्या आरपार जातेय. तो मरत नाहीये. मीच मरतेय."

पक्याचं उत्तर लगेच, म्हणजे हा पण जागाच होता. "पळत गेलीस ना त्याच्याकडे? पळालं की दम संपतो, दम संपला की वार लागत नाही. चालत जा."

"हे कुठे लिहिलंय?"

"मॅन्युअलमधे असेल."

"मॅन्युअल कुठाय?"

"डब्यात यायचं. नकाशा पण यायचा कागदाचा."

"माझ्याकडे डबा नाहीये पक्या, मी डाउनलोड केलाय."

यानंतर बराच वेळ पक्या टाईप करतोय एवढंच दिसत होतं असं ती म्हणते. मग मेसेज आला, "नेटवर विकी आहे बघ. मी पण तिथूनच बघायचो."

"पत्ते पण?"

"काही काही पत्ते गेममधेच चुकीचे होते."

सुम्याने सकाळी उठून त्यावर नुसता एक बाण टाकला. खेकडा अजून जिवंत आहे.