लेझी म्हणजे फुकट नव्हे

हास्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली की हे वाक्य हमखास कानावर पडतं: "लेझी इव्हॅल्युएशनमध्ये लागेल तेवढंच काम होतं, म्हणून वेळही वाचतो आणि मेमरीही." लेझी इव्हॅल्युएशन म्हणजे उत्तर खरंच लागेपर्यंत गणित पुढे ढकलणं. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. पुढचं 'म्हणून' मला मान्य नाही. त्यावर विसंबलेल्या नवशिक्याचा प्रोग्राम मेमरी संपून पडतो आणि त्याला वाटतं, ही भाषा आपल्याला झेपणारी नाही.

आधी मेमरी. पुढे ढकललेलं गणित हीपवर, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीत, थंक (अजून न केलेल्या गणिताची नोंद) म्हणून बसून राहतं आणि त्याला लागणारा डेटाही अडकवून ठेवतं; नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला तो सोडवता येत नाही. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (प्रोग्राम वेगवान करणारे बदल) बंद ठेवून १ ते १० लाखांची बेरीज साध्या फोल्ड-एलने (foldl, यादीतले घटक एकेक करून जोडत जाणारं फंक्शन) करून बघा. आधी ((०+१)+२)+३ अशी १० लाख बेरजांची साखळी तयार होते, आणि तोवर एकही बेरीज झालेली नसते. त्याचाच भाऊ फोल्ड-एल-प्राइम (foldl') प्रत्येक पायरीला बेरीज उरकतो, त्यामुळे साखळी वाढतच नाही.

"ऑप्टिमायझेशन लावा, प्रश्न मिटेल." या बेरजेपुरता मिटतो, कारण उत्तर लागणारच हे कंपायलरला आधी कळतं. पण लेझी मॅपमध्ये (शब्द आणि त्याचा आकडा अशा जोड्यांच्या साठ्यात) शब्द मोजायला घ्या. एखादा शब्द लाखभर वेळा आला की त्याच्या जागी आकडा नसतो, 'अधिक १' असं लाखभर वेळा लिहून ठेवलेलं असतं. कोणी तो आकडा विचारेल की नाही हे कंपायलरला कसं कळणार? इथे स्ट्रिक्ट, म्हणजे आकडा लगेच काढून ठेवणारा, मॅपच घ्यावा लागतो.

वेळेचं थोडक्यात: थंक बनवणं, झालाय का बघणं, उत्तर जागेवर लिहिणं, या सगळ्याला वेळ लागतो. जीएचसी हा हास्केलचा कंपायलर जमेल तिथे थंक टाळतो तो याचसाठी.

"काम कधी होतं याने फरक पडत नाही," हे तर सरळ चूक. ट्रायच्या (चूक पकडणाऱ्या फंक्शनच्या) आत पूर्णांकाचा शून्याने भागाकार रिटर्न केला तर ट्राय काहीच पकडत नाही. भागाकार झालेलाच नसतो. पुढे उत्तर छापताना प्रोग्राम कोसळतो आणि आपण भलत्याच ओळीत चूक शोधत बसतो. तिथे रिटर्नऐवजी इव्हॅल्युएट लागतं, ते गणित तिथेच करायला लावतं.

लेझीपणाची खरी कमाई वेगळीच आहे. यादी सॉर्ट करून फक्त पहिला घटक मागा: हास्केलचा मर्ज सॉर्ट पूर्ण यादी लावत बसत नाही, यादीच्या लांबीच्या प्रमाणात काम करून सर्वांत लहान घटक हातात देतो. 'सर्वांत लहान शोधा' असं वेगळं फंक्शन न लिहिता.